यंत्राची उष्णता आणि घराची शांतता

(नभोवाणीवरील भाषण)



चंद्रपुराहून मूलमार्गें गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैनगंगा ओलांडण्यापूर्वीं, सावली नांवाचें आमचें गांव लागतें. नांव सावली असलें तरी मे महिन्यांत या गांवीं सावली शोधावी लागते. पारा ४५ अंशांवर चढला तर येथें त्याची कोणी बातमी करीत नाहीं. दुपारीं बारा ते पांच रस्त्यावर चिटपाखरूं नसतें, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेंतून निवृत्त झालेला माझ्यासारखा मास्तर दार लोटून घरांत बसतो. त्या बंद खोलींत माझा एक सोबती आहे, तो म्हणजे संगणक. उन्हाळ्यांत त्याचे व माझे हाल सारखेच होतात. या सोबत्याला थंड कसें ठेवावें, आणि थंड ठेवतांना त्याची बडबड कशी बंद करावी, हें मीं अनुभवानें जें शिकलों, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. यंत्रविद्येचा अभ्यास मीं केलेला नाहीं. तेव्हां अधिकारानें बोलण्याचा माझा दावा नाहीं. एक नुकसान झालें आणि त्या नुकसानीनें मला शिकविलें, इतकेंच.

निवृत्तीनंतर मीं एक काम हातीं घेतलें होतें. आमच्या झाडीपट्टींत रोवण्याच्या वेळीं म्हणावयाचीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या, दंडारींतलीं पदें हीं जुन्या बायांच्या व बाप्यांच्या तोंडीं अजून आहेत. तीं ऐकून, ध्वनिमुद्रित करून, कागदावर उतरून ठेवावीं, असा माझा उद्योग. माझी थोरली बहीण या गाण्यांची खाणच होती. वय झालेलें, बाहेर जाणें होत नसे, म्हणून ती माझ्याच खोलींत खाटेवर बसून म्हणे आणि संगणकाला जोडलेला मायक्रोफोन तिच्यापुढें मी धरीं. पण दोन अडचणी होत्या. पहिली अशी कीं, संगणकाची घरघर तिच्या बारीक आवाजांत मिसळे. एकदां ती गातां गातां थांबली आणि म्हणाली, "बापू, तुया डबा लई घोरते गा. मले मायाच आवाज आयकू नाई ये." मीं तें हंसण्यावारी नेलें. दुसरी अडचण अशी कीं, उन्हाळ्यांत यंत्र मध्येंच बंद पडे. २०२२ सालच्या मे महिन्यांत एका दुपारीं तिनें जवळजवळ तासभर अशीं गाणीं म्हटलीं, जीं तिनें पूर्वीं कधीं सांगितलीं नव्हतीं. गाणें संपण्याच्या सुमारास पंख्याचा आवाज चढत चढत गेला आणि पडदा एकदम काळा झाला. मीं मधून मधून काम जतन केलेलें नव्हतें. त्या तासाभरांतलें कांहींच हातीं लागलें नाहीं. पुन्हां म्हणेन म्हणाली, पण पावसाळ्यांत तिचें दुखणें वाढलें आणि भाद्रपदांत ती गेली.

यांत दुकानदाराचा किंवा यंत्राचा दोष मी काढीत नाहीं. नंतर मीं पेटी उघडून पाहिली, तेव्हां आंतल्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्यें धुळीची अशी गादी बसली होती कीं, फुंकर मारली तरी पलीकडे जाईना. तीन वर्षांत मीं ती एकदांहि उघडली नव्हती. आमच्या भागांत भाताच्या गिरण्या पुष्कळ; कोंड्याची बारीक धूळ वाऱ्यावर येते आणि ओलसर हवेंत चिकटून बसते. धुळीनें वाट बुजली, म्हणून उष्णता कोंडली. उष्णता कोंडली, म्हणून पंखा जोरानें धांवूं लागला. तो धांवूं लागला, म्हणून आवाज वाढला. आणि अखेर स्वतःचा जीव वांचविण्याकरितां यंत्र आपण होऊन बंद झालें. म्हणजे आवाज आणि उष्णता ह्या माझ्या दोन अडचणी नव्हत्याच. ती एकच अडचण होती.

आतां मूळ गोष्ट पाहूं. संगणक वीज खातो आणि आंकडेमोड करतो. चक्कीनें पीठ दिलें, पंपानें पाणी वर चढविलें, तसें संगणक कोणतें जड काम करीत नाहीं. यामुळें तो जितकी वीज घेतो, तितकी जवळजवळ सर्व अखेर उष्णता होऊन बाहेर येते. शंभर वॅट घेणारा संगणक हा शंभर वॅटची शेगडीच समजावा. हा त्रास आजचा नाहीं. अमेरिकेंत १९४६ सालीं लोकांसमोर आलेल्या एनियाक या यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तें सुमारें १५० किलोवॅट वीज घेई. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं कामास लागला. त्यांत २,७०० नळ्या होत्या. पुढें नळ्या गेल्या आणि सिलिकॉनच्या चकत्या आल्या. पण उष्णता गेली नाहीं, ती लहान जागेंत गोळा झाली. आमच्या विदर्भांतील, अकोला जिल्ह्यांत जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक तयार केला, हें आपणांस ठाऊक आहेच. त्याच मालिकेंतला परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत बसविण्यांत आला, तेव्हां तो थंड ठेवण्यासाठीं थेट चकत्यांच्या अंगावरून द्रव खेळविण्याची योजना करण्यांत आली. एवढ्या मोठ्या यंत्राला जो प्रश्न, तोच आपल्या टेबलावरच्या यंत्राला. प्रमाण मात्र निराळें.

आणि हा प्रश्न कसा सोडवावा, याचा धडा आमच्या जिल्ह्यांत मैलोगणती लांबून दिसतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचे ते थोरले मनोरे, ज्यांच्या माथ्यावरून पांढरी वाफ निघते, ते उष्णता बाहेर टाकण्यासाठींच आहेत. इरई धरणाचें पाणी तेथें येतें, यंत्रांतली उष्णता घेतें आणि मनोऱ्यांत ती हवेला देऊन टाकतें. उष्णता कोणीहि नाहींशी करूं शकत नाहीं. ती येथून उचलून तेथें नेतां येते, एवढेंच. थंड करणें म्हणजे वाहून नेणें. हें एक वाक्य ध्यानांत ठेवलें, तर पुढचें सर्व सोपें आहे.

पुष्कळांचा असा समज असतो कीं, पंखा गारवा देतो. आपल्याला तो देतो, कारण आपल्या अंगाला घाम येतो आणि वाऱ्यानें तो वाळतो. माठ बाहेरच्या हवेपेक्षां गार होतो, तोहि पाझरलेलें पाणी उडून जातें म्हणून. यंत्राला घाम नाहीं आणि पाझर नाहीं. त्यामुळें पंखा कितीहि फिरविला तरी यंत्र खोलीच्या हवेहून थंड होणार नाहीं. खोली ४० अंश असेल, तर तेथून वरचा हिशेब सुरू होतो. थंड देशांतल्या लोकांनीं लिहिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाहीं, तो याकरितां. त्यांची खोली २० अंशांची. आपल्याला आरंभींच २० अंशांचा तोटा.

आतां आवाजाचें पाहूं. येथेंहि थोडें गणित आहे, पण तें गोड आहे. पंख्याची गति निम्मी केली, तर हवा निम्मी येते. पण आवाज सुमारें १५ डेसिबलनें उतरतो, म्हणजे कानाला तो पूर्वीच्या एकतृतीयांशाएवढा भासतो. मग निम्म्या गतीनें फिरणारे दोन पंखे बसवा. हवा पहिल्याइतकीच झाली. दुसऱ्या पंख्यामुळें आवाज वाढला तो केवळ ३ डेसिबल. म्हणजे हवेंत तोटा नाहीं आणि आवाजांत १२ डेसिबलचा नफा. तसेंच, ८० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याऐवजीं १४० मिलिमीटरचा घेतला, तर तोंडाचें क्षेत्रफळ तिप्पट होतें, आणि हळू फिरूनहि तो पुरेशी हवा ढकलतो. लहान पंखा चिडखोर मुलासारखा किंचाळतो. मोठा पंखा पोक्त माणसासारखा सावकाश काम करतो. शांत संगणकाचें रहस्य तें हेंच: पंखे काढून टाकणें नव्हे, तर मोठे पंखे घेऊन त्यांना धांवण्याची गरजच पडूं न देणें.

हें समजल्यावर २०२३ सालीं मीं नवें यंत्र स्वतःच्या हातानें जुळविलें. माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां शहरांत नोकरी करतो, तो दिवाळीच्या सुटींत आला होता. त्यानें सामान निवडण्यास मदत केली. स्क्रू मात्र मीं फिरविले. तो शेजारीं बसून, "गुरुजी, जरा बेतानें," एवढें म्हणत होता. काय घेतलें आणि कां घेतलें, तें क्रमानें सांगतों.

पहिला नियम: मुळांतच उष्णता कमी करणारें सामान घ्या. लेखन, ध्वनिमुद्रण, पत्रव्यवहार, नातवंडांचा अभ्यास, चित्रपट पाहणें, एवढेंच ज्या घरीं काम आहे, तेथें खेळांसाठीं असतें तसें निराळें ग्राफिक्स कार्ड नको. तें एकटें बाकीच्या सर्व यंत्राहून अधिक तापतें. मीं रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. चित्र दाखविण्याची सोय त्याच्या पोटांतच आहे. त्याच्यावर ६५ वॅट हा आंकडा असतो, पण पूर्ण भार पडला तर तो ८८ वॅटपर्यंत ओढूं शकतो. बायोसमध्यें जाऊन ही मर्यादा ४५ ची करतां येते. मग तो ६० च्या आसपास थांबतो. कामाच्या वेगांत जो थोडा फरक पडतो, तो माझ्या वयाच्या मनुष्याला जाणवतहि नाहीं.

दुसरी वस्तु कॅबिनेट. दुकानांत पुढून काळी कांच लावलेलीं आणि रंगीबेरंगी दिव्यांचीं कॅबिनेटें फार मांडलेलीं असतात. दिसावयास तीं देखणीं खरीं. पण पुढची बाजू कांचेनें बंद केल्यावर पंख्यानें हवा घ्यावी कोठून? मीं पुढून बारीक जाळी असलेलें, १४० मिलिमीटरचे दोन पंखे बसतील असें साधें कॅबिनेट घेतलें. पत्रा जाड असावा; पातळ पत्रा स्वतःच थरथरून आवाज करतो.

तिसरी वस्तु प्रोसेसरवरचा हीट सिंक, म्हणजे उष्णता पसरविणारा पात्यांचा मनोरा. प्रोसेसरबरोबर फुकट मिळतो तो लहान असतो. त्याऐवजीं चार तांब्याच्या नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा मनोरा घ्यावा. या नळ्या भरीव नसतात. आंत थोडेसें पाणी असून बाकीची हवा काढून टाकलेली असते. हवेचा दाब नसल्यामुळें तें पाणी थोड्याशा उष्णतेनेंच उकळतें. वाफ वरच्या थंड टोकाला जाते, तेथें तिचें पुन्हां पाणी होतें आणि नळीच्या आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून तें खालीं परत येतें. भाताच्या पातेल्यावर झांकण ठेवलें म्हणजे वाफ झांकणाला लागून थेंब होऊन परत पातेल्यांत पडते. येथें तोच खेळ अहोरात्र चालू असतो. ह्या नळ्या तांब्याच्या भरीव कांबीहून कितीतरी पटींनीं उष्णता वाहतात.

प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामध्यें एक लेप द्यावा लागतो; बाजारांत त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे दिसले, तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत हवा राहते. हवा उष्णतेची वाहक फारच वाईट. लेपाचें काम त्या हवेला हुसकावून तेथें बसणें. तो भिंतीला माती लिंपावी तसा जाड लावूं नये. प्रोसेसरच्या मध्यभागीं लाखोळीच्या दाण्याहून थोडा मोठा थेंब ठेवावा आणि वरून हीट सिंक सरळ दाबून कोंपऱ्यांचे स्क्रू तिरपे-समोर या क्रमानें थोडे थोडे आवळावेत. दाबानें लेप आपोआप पसरतो. नवा हीट सिंक असेल तर त्याच्या तळाची पारदर्शक पट्टी आधीं काढावी. ही पट्टी तशीच राहून गेल्यानें यंत्र तापलें, असें पुष्कळदां घडतें. मीहि ती विसरलोंच होतों, विद्यार्थ्यानें आठवण केली.

चौथी वस्तु वीज पुरविणारी पेटी, म्हणजे एस.एम.पी.एस. स्वस्तांतली पेटी घेतलेल्या विजेचा मोठा अंश स्वतःच उष्णता करून टाकते. सुमारें ९० टक्के कार्यक्षमतेची 'गोल्ड' शिक्क्याची घेतली, तर दहावा हिस्साच वायां जातो, आणि अशा कांहीं पेट्यांचा पंखा थोड्या भारावर फिरतहि नाहीं. पांचवी वस्तु सांठवणाची. जुन्या हार्ड डिस्कमध्यें तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि तिची घूं घूं पत्र्यांत उतरते. एस.एस.डी. मध्यें फिरणारें कांहींच नाहीं, म्हणून ती मुकी असते. जुन्या ध्वनिमुद्रिकांची प्रत म्हणून मीं एक तबकडीवाली डिस्क ठेवली आहे, पण ती पेटीबाहेर. लागेल तेव्हांच जोडतों.

आतां वाऱ्याची वाट. आमच्या भागांतला शेतकरी हें चटकन् ओळखील. असोलामेंढा तलावाचें पाणी बांधींत सोडतांना तो आंत येण्याची वाट एका टोकाला आणि बाहेर जाण्याची वाट दुसऱ्या टोकाला ठेवतो. दोन्ही वाटा एकाच कोंपऱ्यांत ठेवल्या, तर पाणी आलें तसें निघून जाईल आणि पलीकडचें धान वाळेल. पेटींतल्या हवेचेंहि तसेंच. पुढून खालीं दोन पंखे हवा आंत घेणारे, मागून वर एक पंखा बाहेर टाकणारा, आणि हीट सिंकचा पंखा त्याच दिशेला तोंड करून. गरम हवा आपण होऊन वर जाते, त्याचाहि फायदा मिळतो. आमच्या जुन्या घरांत कवेलूंच्या फटींतून ऊन हवा वर निघून जाते, तसाच. वायरींचा गुंता मागच्या बाजूला दाबून बांधावा, नाहींतर तो बांधींतल्या गवतासारखा वाट अडवितो. आंत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षां थोडी अधिक असावी आणि पुढच्या पंख्यांना जाळीची गाळणी असावी. मग पेटींत हवेचा किंचित् दाब राहतो, आणि फटीफटींतून न गाळलेली धूळ आंत ओढली जात नाहीं.

हवा किती लागते? यंत्र १०० वॅट उष्णता देतें आणि हवेला आंतून जातांना १० अंश तापूं द्यावयाचें आहे, असें धरा. हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारें ९ लिटर हवा लागते, म्हणजे अर्धी बादली. एवढी हवा दोन मोठे पंखे अगदीं रमतगमत पुरवितात. त्यांना मिनिटाला हजार फेरेहि घ्यावे लागत नाहींत.

सर्व जुळविल्यावर शेवटचें काम बायोसमधलें. चार टांचण्यांचा पंखा घेतला असेल, तर मदरबोर्ड त्याची गति तापमानाप्रमाणें बदलूं शकतो. कारखान्यांतून येणारी योजना बहुधा भित्री असते. क्षणभर उष्णता चढली कीं पंखे किंचाळतात, उतरली कीं थांबतात. माणसाच्या कानाला सततच्या मंद आवाजापेक्षां हा चढउतार अधिक टोंचतो. मीं असें ठरविलें कीं, ६५ अंशांपर्यंत पंखे एकाच संथ गतीनें चालावेत, आणि तेथून पुढें हळूहळू वाढावेत. उन्हाळ्याचा हिशेब आधींच कागदावर मांडला होता. खोली ४० अंश. पेटींतील हवा त्याहून ५ अंश अधिक. हीट सिंक दर वॅटला अर्धा अंश चढतो असें धरलें, तर ६० वॅटला ३० अंश. बेरीज ७५. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालूं शकतो; म्हणजे २० अंशांची शिल्लक राहते. २०२४ सालच्या मे महिन्यांत भर दुपारीं, खोलींतला तापमापक ३९ दाखवीत असतां, मीं दोन तास यंत्राला मुद्दाम जड कामाला जुंपलें. आंकडा ७४ वर जाऊन थांबला. मुलांना गणित शिकवितांना उत्तर जुळल्याचा आनंद मीं पुष्कळदां पाहिला होता. त्या दिवशीं तो मला स्वतःला झाला.

गृहस्थी घरांत पाळावयाचे आणखी कांहीं नियम सांगतों. पेटी कपाटांत किंवा टेबलाच्या बंद खणांत कोंडूं नये. मागें एक वीत तरी मोकळी जागा असावी. जमिनीवर ठेवूं नये; केर काढतांना उडणारी धूळ प्रथम तीच खाते. पेटीखालीं रबराच्या गोट्या ठेवाव्यात, म्हणजे थरथर टेबलांत उतरत नाहीं. आपल्याकडे पाण्याचा कूलर घरोघर असतो. त्याच्या गार हवेनें खोली उतरते आणि यंत्रालाहि आराम मिळतो. मात्र यंत्र त्याच्या अगदीं तोंडापुढें ठेवूं नये, कारण हवेबरोबर तुषार येतात आणि आपल्या पाण्यांतला क्षार आंत बसतो. मागच्या ज्या भोंकांतून बोट जातें, तेथें जाळी लावावी. पालीला यंत्रांतली ऊब फार आवडते, आणि तिच्या मुक्कामानें मदरबोर्ड निकामी होतो. वीज येते-जाते तेथें यू.पी.एस. हवाच. आणि महिन्यांतून एकदां पुढची गाळणी काढून झटकावी, दिवाळीपूर्वीं व होळीनंतर पेटी उघडून मऊ कुंचल्यानें पातीं साफ करावीं. तत्पूर्वीं वीज तोडावी, भूमिगत तार जोडलेल्या एखाद्या धातूला हात लावून अंगांतली स्थिर वीज सोडून द्यावी, आणि पंख्याचीं पातीं बोटानें धरून मगच हवा मारावी.

खर्चाचें विचाराल, तर २०२३ सालीं मला पडद्यावांचून सर्व मिळून सुमारें ४० हजार रुपये लागले. त्यांत केवळ शांततेसाठीं म्हणून जो जादा खर्च झाला, तो पांच-सहा हजारांचा. पाणी खेळविणारे कूलर याहून महाग मिळतात. पण त्यांतहि अखेर पंखे असतातच, वर पंपाची कुरकुर, आणि गळतीची भीति. साध्या गृहस्थाला त्यांची गरज नाहीं.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि मोकळे व्हा. तेंहि मी करतों. गांवोगांव हिंडतांना तोच बरा. पण मुद्रण हें काम अर्धेंच आहे. दंतहीन तोंडांतून आलेला झाडीबोलींतला एक शब्द 'डोरा' आहे कीं 'दोरा', हें ठरविण्यासाठीं मला तीच ओळ वीस-वीस वेळां ऐकावी लागते. शेजारीं यंत्र घोरत असेल, तर म्हातारीचा श्वास कोठें संपला आणि शब्द कोठें सुरू झाला, हें कळत नाहीं. शहरांतल्या घरांत तरी निराळें काय आहे? एकाच खोलींत मूल अभ्यास करतें, कोणी आजारी निजलेलें असतें, कोणी काम घरीं आणलेलें असतें. दिवसभराची ती घूं घूं आपण ऐकत नाहीं असें आपणांस वाटतें. ती बंद झाली म्हणजे डोकें हलकें होतें, तेव्हां कळतें कीं आपण ती ऐकत होतों.

आणि जात्याचा आवाज काय कमी असे? आमच्या सावलींत १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें संमेलन भरलें होतें. खादीचें काम येथें जोरांत होतें, घरोघर चरखे फिरत. जात्याची घरघर आणि चरख्याची गुणगुण यांच्या संगतींतच तीं गाणीं जन्मलीं. पण तो आवाज गाणाऱ्या बाईच्या हातांत असे. ती थांबली कीं जातें थांबे, आणि तिच्या श्वासाबरोबर तें फिरे. यंत्राची घरघर कोणाच्या श्वासाबरोबर चालत नाहीं, म्हणून ती गाण्याच्या आड येते.

परवां, रोवणा आटोपल्यावर, शेजारच्या खेड्यांतल्या एक वृद्ध बाई माझ्या खोलींत बसून दीड तास गायिल्या. माझी बहीण त्या दुपारीं जीं गाणीं म्हणत होती, त्यांतलीं दोन त्यांना येत होतीं. सगळीं नाहीं, दोनच. मध्यें त्या थांबल्या आणि पेटीकडे पाहून विचारूं लागल्या, "गुरुजी, हे चालू हाये ना?" मीं म्हटलें, "चालू आहे, बाई. तुम्ही म्हणा."

आणि हो, या वेळीं दर दहा मिनिटांनीं काम जतन करण्यास मी विसरलों नाहीं. ती संवय कोणताहि पंखा लावून देत नाहीं.